आईचे घड्याळ

आमच्या आईच्या फडताळात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, कित्येक वर्षे एक घड्याळ उभे असे. त्याला काटे नव्हते, लंबक नव्हता, किल्लीही द्यावी लागत नसे. तळहाताएवढी एक चपटी पेटी, टेकून उभी राहावी म्हणून मागे तारेचा छोटा पाय, आणि पुढे काचेच्या खिडकीत काळे आकडे. पहाटेच्या एस.टी.ने कोणी जायचे असले की आई रात्री निजण्यापूर्वी त्याचा गजर लावी. घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याने ते निरखून पाहिले तर आकड्यांच्या मागे त्याला समुद्र दिसे, एक झाड दिसे. “घड्याळात समुद्र कशाला हो, वहिनी?” असे कोणी विचारले की आई म्हणे, “मुलांचा खेळ होता तो. आता माझं घड्याळ आहे.”

त्या खेळाचा इतिहास आज सांगणार आहे. इतिहासाच्या नावाखाली खेळण्याची गोष्ट पुढे करतो म्हणून वाचकांनी रागावू नये. गडकोटांचा आणि तहांचा इतिहास मी वर्षभर शाळेत शिकवीतच असतो. दिवाळीच्या फराळात चकलीलाही मान असतो, केवळ पक्वान्नालाच नसतो!

१९८८ सालच्या मे महिन्यात माझा थोरला मामा मस्कतहून सुट्टीवर आला. त्या काळी आखातातून आलेल्या माणसाची बॅग उघडणे हा आमच्या कोकणात सबंध वाडीचा सोहळा असे. अत्तराच्या बाटल्या निघाल्या, साबणाच्या वड्या निघाल्या, साड्या निघाल्या, आणि सर्वांत शेवटी कपड्यांच्या घडीतून ही पेटी निघाली. खेळाचे नाव ‘पॅराशूट’. वर आकाशात एक हेलिकॉप्टर. त्यातून माणसे हवाई छत्रीला लटकून खाली येत. खाली समुद्र, समुद्रात शार्क मासे, आणि एका लहानशा होडीत आपला माणूस. डाव्या बटणाने होडी डावीकडे, उजव्या बटणाने उजवीकडे. माणूस पाण्याला टेकण्याआधी होडीत झेलला की एक गुण. हुकला की शार्क त्याच्या मागे लागे. तीन माणसे हुकली की डाव संपला. दुसरा एक अवघड डाव होता, त्यात एखादी छत्री झाडाला अडके आणि तो बिचारा थोडा वेळ लोंबकळत राही. आपली नजर दुसरीकडे गेली की नेमका तेव्हाच सुटे.

ताई, मी आणि धाकटा सदू अशा तिघांनी पाळ्या लावल्या. पडवीच्या पायरीवर बसून आम्ही तो मे महिना काढला. दोनच दिवसांत त्या यंत्राचे एक गुपित मला कळले. डाव बंद असताना पेटी उन्हात तिरकी धरली, की काचेत सगळीच माणसे एकदम, फिकट सावल्यांसारखी दिसत. आकाशात पंधरावीस जण एकाच वेळी लटकलेले, होडी तिन्ही ठिकाणी उभी, मासे सगळीकडे. म्हणजे ही चित्रे हलत नव्हतीच! प्रत्येक जागेचे चित्र आधीच काचेत कोरून ठेवलेले होते आणि ती पाळीपाळीने काळी होत होती, इतकेच. कोण कुठून पडणार याच्या वाटा ठरलेल्या होत्या. आपली होडी त्या क्षणी कुठे असेल, तेवढे मात्र आपल्या हाती होते.

मला वाटलेले नवल मी मामाला सांगितले. ताईला मात्र वेगळेच पडले होते. ती म्हणाली, “मामा, हेलिकॉप्टर माणसं खाली टाकतं कशाला? ते तर माणसं वर उचलून वाचवायला असतं ना?”

मामा हसून म्हणाला, “अगं, त्यानं टाकली नाहीत तर तुम्ही झेलाल काय?”

उत्तर चतुर होते, पण ताईचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. त्या प्रश्नाच्या मागोमाग मी पुढे बरेच वाचत गेलो. त्यातूनच हा इतिहास हाती आला.

या पेटीचे माहेर जपानातले क्योतो शहर. तिथे १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते तयार करण्याचा धंदा काढला. आपल्या सावंतवाडीला जशी गंजिफा, तशी जपानात ‘हानाफुदा’. बारा महिन्यांची बारा फुलझाडे आणि प्रत्येकाची चार पाने, असे एकूण ४८ फुलांचे पत्ते. या धंद्याचेच पुढे निन्टेंडो कंपनीत रूपांतर झाले. १९६५ साली तिथे गुन्पेई योकोई नावाचा एक तरुण नोकरीस लागला. तो १९४१ साली क्योतोतच जन्मलेला, दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेला. काम काय, तर पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रे नीट चालत असली की देखभाल करणाऱ्याला बराच रिकामा वेळ मिळतो. त्या वेळात योकोईने फळ्यांच्या कैच्या जोडून, दाबला की लांब होणारा आणि दूरची वस्तू पकडणारा एक हात तयार केला. मालक हिरोशी यामाउची यांची नजर त्यावर पडली. कामाच्या वेळी खेळ करतो म्हणून आता नोकरी जाणार, असे त्या बिचाऱ्याला वाटले. मालकाने हुकूम केला, हेच खेळणे विकायला काढा! १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभालवाला त्या दिवसापासून खेळणी रचणारा झाला.

पुढची हकिकत योकोईने स्वतः सांगून ठेवली आहे. शिनकान्सेन या वेगवान आगगाडीतून जाताना त्याला एक नोकरदार प्रवासी दिसला. बसल्या बसल्या कंटाळून तो खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगीचच दाबत होता. योकोईच्या मनात आले, मोठ्या माणसालाही चारचौघांत संकोच न वाटता वेळ घालवता येईल, असे इतकेच लहान खेळणे का असू नये? पुढे एकदा मालकाचा चालक आजारी पडला. मोठी परदेशी मोटार चालवू शकणारा म्हणून योकोईला बोलावणे आले. गाडी हाकता हाकता काहीतरी बोलावे म्हणून त्याने ही कल्पना मालकाच्या कानावर घातली. मालक ‘हूं’ म्हणाले, एवढेच. पण त्या दिवशीच्या सभेत यामाउचींच्या शेजारी गणकयंत्रे बनवणाऱ्या शार्प कंपनीचे प्रमुख बसले होते. आठवडाभरात शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

ती इतक्या तातडीने का आली, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९७३ साली शार्पने द्रवस्फटिकाच्या पडद्याचे, खिशात मावणारे गणकयंत्र विकायला आणले होते. दोन काचांच्या मध्ये एक विशिष्ट द्रव असतो. विजेचा किंचित दाब दिला की तेवढ्या जागेतला प्रकाश अडतो आणि तो आकार काळा दिसतो. पडदा स्वतः उजेड देत नसल्याने वीज नाममात्र लागते, आणि गोळीएवढ्या बॅटरीवर काम महिनोन् महिने चालते. पण शार्प आणि कॅसिओ यांच्यात गणकयंत्रांची अशी चढाओढ लागली, की दर वर्षी यंत्र पातळ होई आणि किंमत खाली येई. शेवटी ज्याला हवे त्याच्या खिशात ते पोहोचले. मग एवढ्या काचा करणाऱ्या कारखान्यांनी पुढे करायचे काय? अशा वेळी योकोईची कल्पना त्यांना वरदानासारखी वाटली असल्यास नवल नाही.

योकोईचे एक सूत्र जपानात प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ साधारण असा : सुकून जुन्या झालेल्या तंत्राचा आडव्या अंगाने विचार करावा. नव्यात नवे, महागात महाग तंत्र धरण्याऐवजी, जे सर्वांना ठाऊक झाले, स्वस्त झाले, ज्याच्या खोडी कळून चुकल्या, त्याचाच असा उपयोग करावा की जो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आपल्या घरातल्या बायकांना हे सूत्र शिकवायला जपानी माणसाची गरज नाही. कालच्या पोळीचा आज गूळतूप घालून लाडू वळणारी प्रत्येक आई ते जाणते. योकोईने गणकयंत्राच्या शिळ्या पोळीचा लाडू वळला.

२८ एप्रिल १९८० रोजी ‘बॉल’ हा पहिला खेळ विक्रीस आला. हवेत उडवलेले चेंडू झेलण्याचा खेळ आणि जोडीला घड्याळ, म्हणून मालिकेचे नाव ‘गेम अँड वॉच’. त्याच वर्षी ‘फायर’ आला. जळत्या इमारतीतून उड्या टाकणाऱ्या माणसांना अग्निशामक दलाचे दोघे जण ताणलेल्या झोळीवर झेलतात आणि उसळत उसळत रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवतात. जून १९८१ मध्ये आमचा ‘पॅराशूट’ आला. १९८२ साली ‘डाँकी काँग’ या दोन पडद्यांच्या खेळात योकोईने अधिक चिन्हाच्या आकाराचे एक बटण बसवले. चारी दिशांना अंगठा फिरवण्याची ती युक्ती पुढे जगभरच्या खेळांनी उचलली. रशियात तर १९८४ पासून कोंबड्यांची अंडी झेलण्याच्या खेळाची हुबेहूब नक्कल ‘इलेक्ट्रोनिका’ या नावाने तयार होऊ लागली. फक्त टोपली धरणारा तिथे त्यांच्या चित्रपटातला लांडगा झाला! १९९१ मध्ये मालिका थांबली तोवर जपानात आणि बाहेर मिळून ४ कोटी ३४ लाख पेट्या विकल्या गेल्या होत्या. त्यांतली एक मस्कतमार्गे आमच्या पडवीत येऊन पडली.

आता ताईच्या प्रश्नाकडे वळू. हेलिकॉप्टरने माणसे उचलून वाचवण्याचा खरा इतिहास आपल्या दाराशीच सुरू झालेला आहे. इगोर सिकोर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या तंत्रज्ञाने १९३९ साली आपले हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलून दाखवले. पाच वर्षांनी, १९४४ च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशच्या रानात एक लहान विमान जपानी फौजांच्या मागे खाली उतरणे भाग पडले. त्यात अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आजूबाजूला शत्रू, आणि जवळपास विमान उतरेल अशी जागा नाही. तेव्हा आसामातल्या लालाघाट तळावर असलेले सिकोर्स्कीचे एक हेलिकॉप्टर घेऊन कार्टर हार्मन नावाचा तरुण लेफ्टनंट निघाला. हा गृहस्थ पुढे संगीतकार आणि संगीतसमीक्षक झाला. डोंगर ओलांडत, टप्प्याटप्प्याने तो तिथवर पोहोचला.

खरी अडचण पुढेच होती. ते यंत्र इतके दुबळे होते, की वैमानिकाखेरीज एकाच माणसाला ते उचलू शके. त्यातून एप्रिलचा उकाडा. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंख्याचा जोर चालत नाही. हार्मन एकाला उचली, नदीकाठच्या वाळूवर नेऊन ठेवी, तिथून लहान विमान त्याला पुढे नेई, आणि हार्मन पुन्हा रानात वळे. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या होताच यंत्र तापून थकले. उरलेल्या दोघांना आणखी एक रात्र शत्रूच्या मुलखात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांनाही आणले. चार माणसे, चार फेऱ्या. युद्धभूमीवर हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात खडकावर अडकलेल्या एका तेलवाहू पडावावरून दोन खलाशांना दोराने वर ओढून घेतले गेले. ताईच्या मनातले हेलिकॉप्टर ते हेच.

ते हेलिकॉप्टर खेळातही आले, पण अमेरिकेत. १९८२ साली डॅन गॉर्लिन याने ‘चॉपलिफ्टर’ नावाचा खेळ संगणकासाठी लिहिला. चार इमारतींत १६ प्रमाणे ६४ माणसे शत्रूने डांबून ठेवलेली. आपण हेलिकॉप्टर घेऊन सरहद्द ओलांडायची, इमारतीला भगदाड पाडून माणसे सोडवायची आणि एका खेपेस १६ जणांना बसवून परत आणायचे. घाईत चुकीच्या जागी उतरलो तर आपल्याच हेलिकॉप्टरखाली चिरडून माणसे मरतात. गंमत अशी, की या खेळात गुण नाहीतच. वर तीनच आकडे : किती मेली, किती यंत्रात बसली, किती सुखरूप पोहोचली. तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या आपल्या लोकांना सोडवण्यासाठी अमेरिकेने १९८० साली हेलिकॉप्टरे पाठवली होती. तो बेत २४-२५ एप्रिलच्या रात्री वाळवंटातच फसला आणि आठ सैनिक प्राणास मुकले. ‘बॉल’ विक्रीस येण्याआधी जेमतेम तीन दिवस! त्यामुळे हा खेळ खेळणाऱ्या अनेकांना ती जखम आठवली असणार. पुढे १९८९ मध्ये योकोईच्या हाताखाली ‘गेम बॉय’ हे हातात धरण्याचे नवे यंत्र तयार झाले आणि १९९१ साली चॉपलिफ्टरचा दुसरा भाग त्यावर आला. माणसे उचलणारे हेलिकॉप्टर असे तळहातावर उतरले. ते पाहायला ताई लहान राहिली नव्हती. तोवर तिचे लग्न ठरत होते.

या दोन खेळांचा मी मास्तर म्हणून पुष्कळ विचार केला आहे. चॉपलिफ्टरमध्ये माणसे मोजकी आहेत. चौसष्टांचा हिशेब लागला की खेळ पूर्ण होतो. आमच्या ‘पॅराशूट’मध्ये तसे नाही. तिथे आकाशातून माणसे येतच राहतात. किती झेलली याचा आकडा वर दिसतो, पण डाव संपतो तो हुकलेल्या तिघांमुळे. शंभर झेला, तीनशे झेला, शेवटी हातात राहतात ते तिघेच. लहानपणी मला हा अन्याय वाटे.

नंतर शाळेत नोकरी लागली आणि एका वर्षी दहावीच्या निकालाचा कागद हाती आला. वर्गात ४०, उत्तीर्ण ३७. शाळेत पेढे वाटले गेले, फळ्यावर टक्केवारी लिहिली गेली, पालक येऊन हात मिळवून गेले. आनंद मलाही झाला, तो का होऊ नये? पण संध्याकाळी घरी आलो, फडताळातल्या त्या घड्याळाकडे नजर गेली, आणि एकाएकी माझ्या ध्यानात आले की त्या तिघांची नावे दिवसभरात एकदाही कोणी उच्चारली नव्हती. मीही नाही.

मी स्वतः शाळेत असताना एकदा गणितात नापास झालो होतो. तेव्हा आमचे एक गुरुजी चार मैल चालत घरी आले होते. त्यांनी उपदेश केला नाही. आईने केलेला चहा प्याले आणि जाताना म्हणाले, “सोमवारपासून संध्याकाळी माझ्याकडे यायचं. पाटी घेऊन.” त्या एका वाक्यावर माझे पुढचे आयुष्य उभे आहे.

‘पॅराशूट’च्या रचनेत एक दयाळू नियम होता. तो मी अजून सांगितला नाही. दोनशे गुण झाले की तोवर हुकलेली सगळी माणसे माफ होत. पाटी कोरी. पाचशे झाले की पुन्हा एकदा माफी. हा नियम पहिल्यांदा सदूच्या पाळीला कळला तेव्हा आम्ही तिघेही पायरीवर उभे राहून ओरडलो होतो. म्हणजे खेळ रचणाऱ्यालाही ठाऊक होते, की नजर चुकते, हात चुकतो, आणि जो निष्ठेने झेलत राहिला त्याला केव्हातरी नव्याने सुरुवात करू द्यावी. यंत्राला जे सुचले ते आम्हा माणसांना सुचू नये काय?

योकोईचा शेवट मात्र मनाला चटका लावणारा आहे. १९९६ साली त्याने निन्टेंडो सोडली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी हमरस्त्यावर त्याच्या मोटारीला किरकोळ अपघात झाला. काय झाले ते पाहायला तो खाली उतरला, आणि मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने त्याला धडक दिली. वय अवघे ५६. पडणाऱ्या माणसांना झेलण्याचे खेळ ज्याने कोट्यवधी मुलांच्या हाती दिले, त्याला झेलायला त्या क्षणी कोणी नव्हते.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. फडताळही गेले. घड्याळ माझ्याकडे आहे. मधूनमधून बाजारातल्या घड्याळजीकडून दोन गोळ्या आणून घालतो. त्याचे एक बटण थोडे जोराने दाबावे लागते, पण वेळ बिनचूक दाखवते.

त्या तिघांच्या घरी मी तेव्हा गेलो होतो. दोघे पुन्हा परीक्षेला बसले आणि सुटले. तेव्हापासून दर वर्षी जे हुकतात त्यांच्या घरी जाण्याचा मी परिपाठ ठेवला आहे. सगळेच परत येतात असे नाही. यंदाचा एकजण आंब्याच्या बागेत कामाला लागला आहे. जूनमध्ये गेलो तर त्याने दार उघडले, पण बोलला नाही. त्याच्या आईने मात्र चहा दिला. मार्चच्या परीक्षेचे फॉर्म भरण्याचे दिवस आता आले आहेत. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे ठरवले आहे. त्या गावाला पहाटेची एकच एस.टी. आहे. गजर आईच्या घड्याळावर लावणार आहे.